पेन्सिल न उचलता ओढायची रेघ

वीज वाचवणारं घर म्हटलं की लोक आधी सोलर पॅनेलच्या चौकशीला लागतात. ते काय, नंतरही बसतं. भिंतीच्या आतलं काम मात्र एकदा झाकलं की हाताबाहेर गेलं.

सुरुवात आकारापासून करा. ८ बाय ८ मीटरचं, ६ मीटर उंच दुमजली घर घ्या. दोन मजले मिळून १२८ चौरस मीटर, आणि तळ-छप्पर धरून बाहेरचं आवरण ३२०. तेवढीच जागा १६ बाय ८ च्या, ३ मीटर उंच बैठ्या घरात काढली, तर आवरण ४०० होतं. उष्णतेला ये-जा करायला पाव हिस्सा जास्त वाट, आणि इन्सुलेशनही तेवढंच जास्त.

मग घराचा उभा छेद समोर ठेवून लाल पेन्सिलीने इन्सुलेशनची रेघ ओढा: तळ, भिंत, छप्पर, पलीकडची भिंत, पुन्हा तळ. पेन्सिल जिथे उचलावी लागेल तिथे घोळ आहे. बहुधा ती जागा बाल्कनीच निघते. स्लॅब आतून सलग बाहेर गेला, की भिंतीला २० सेंटिमीटरचा थर असूनही काँक्रीटमधून उष्णता निसटते. थंडीत आतला कोपरा गार पडून ओल धरतो, मग बुरशी. बाल्कनी स्वतंत्र खांबांवर घ्या, नाहीतर स्लॅबच्या सांध्यात उष्णतारोधक जोड बसवा.

दुसरी रेघ निळी, हवाबंद थराची. ती तुटते स्विचबोर्डांपाशी आणि खिडकीच्या चौकटीभोवती. तिथे नुसता फोम मारून भागत नाही; चौकट फुगते-आक्रसते आणि फोम कडेने सुटतो. थंड हवेत आतून हवाबंद टेप, मध्ये फोम, बाहेरून पाणी अडवणारी पण वाफ जाऊ देणारी टेप. उष्ण-दमट हवेत एसी चालणार असेल, तर वाफ अडवणारी बाजू बाहेरची.

ब्लोअर डोअर चाचणी, म्हणजे दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढायची आणि फटी शोधायच्या, ती हवाबंद थर उघडा असतानाच करून घ्या. प्लास्टर हाच तो थर असेल तर प्लास्टरनंतर, फर्निचरच्या आधी. आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक असताना तासाला जास्तीत जास्त ०.६ हवाबदल, म्हणजे घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पट हवा, हा पॅसिव्ह हाउसचा, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकाचा, निकष. पंखा चालू असताना ओला हात चौकटीवरून फिरवा, गार झुळूक लागली की फट सापडली.

इतक्या बंद घराला हवा पुरवावीच लागते: माणशी तासाला साधारण ३० घनमीटर, उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्रातून. ते यंत्र शिडी लावावी लागेल अशा जागी टांगू नका. फिल्टर बदललाच जात नाही.