फेच साइझ दिला तरी मेमरी का भरते? या चुका टाळा

चाळीस लाख ओळींचा रिपोर्ट, फेच साइझ (डेटाबेसकडून एका खेपेला किती ओळी आणायच्या तो आकडा) ५०० दिलेला, तरीही जावा ॲप ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत आडवं होतं. मग हीप (जावा ॲपला मिळालेली मेमरी) वाढवायचा सल्ला मिळतो. तो मानू नका, आधी ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) काय करतोय ते बघा.

पोस्टग्रेस डेटाबेसचा जेडीबीसी (जावासाठीचा) ड्रायव्हर मुळात अख्खा रिझल्ट एकदम ओढतो. त्याने तो तुकड्यातुकड्याने आणावा यासाठी फेच साइझ पुरत नाही. ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप होणारं कमिट) बंद हवं, रिझल्टसेट फक्त पुढे सरकणारा हवा, आणि एकाच स्टेटमेंटमध्ये अर्धविरामाने जोडलेल्या दोन क्वेरी नकोत. यातलं एक जरी चुकलं तरी एरर येत नाही, ड्रायव्हर फेच साइझकडे गुपचूप काणाडोळा करतो. घोळ बहुधा ऑटोकमिटचाच असतो, कारण ते सांगितल्याशिवाय बंद होत नाही.

कारण साधं आहे. सर्व्हरवरचा कर्सर (रिझल्ट कुठवर वाचला याची खूण) ट्रान्झॅक्शन संपेपर्यंतच जगतो. म्हणूनच लूपमध्ये दर हजार ओळींना त्याच कनेक्शनवर कमिट मारलंत, तर पुढचा तुकडा मागताना ‘पोर्टल (म्हणजे तोच कर्सर) अस्तित्वात नाही’ अशी एरर येते. वाचायला एक कनेक्शन, लिहायला दुसरं ठेवा. मात्र वाचणारं ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं राहिलं तर व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) जुन्या ओळी साफ करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. तिथे यूआरएलमध्ये ‘यूज कर्सर फेच’ चालू करून फेच साइझ द्यावा लागतो, नाहीतर फेच साइझ म्हणून चक्क इंटिजरची सर्वांत लहान ऋण संख्या द्यायची, मग एकेक ओळ येते. (हे कुणाला सुचलं देव जाणे.) या दुसऱ्या पद्धतीत ओळी वाचून संपेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. पायथनमध्ये सायकोपीजी २ (पोस्टग्रेसचा ड्रायव्हर) वापरत असाल तर कर्सरला नाव द्या. बिननावाच्या कर्सरवर ‘फेचमेनी’ करून फायदा नाही, ‘एक्झिक्यूट’ होतानाच सगळा डेटा आलेला असतो.

लिमिट-ऑफसेटने (आधीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या इतक्या मागत) पानं पाडणं हा उपाय वाटतो, पण ऑफसेट दहा लाखांवर गेला की सर्व्हर तेवढ्या ओळी वाचून नुसत्या सोडून देतो, तेही प्रत्येक पानाला. त्यापेक्षा शेवटचा आयडी लक्षात ठेवून त्याच्या पुढच्या ओळी मागा.

पहिली ओळ हातात येताच हीपचा आकडा लॉगमध्ये छापा. तिथेच तो फुगलेला दिसला तर दोष ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे. हळूहळू चढत गेला तर तुमच्या कोडमध्ये कुणीतरी सगळ्या ओळी लिस्टमध्ये भरतंय.