क्लस्टरची जागा वाढवण्याआधीची तयारी

हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टर, म्हणजे प्रक्रिया आणि साठवण दोन्ही करणाऱ्या, एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा गट, भरत आला की पहिला फोन व्हेंडरला जातो आणि कोटेशन येतं ते अख्ख्या नव्या नोडचं, म्हणजे गटातल्या आणखी एका सर्व्हरचं. तो फोन आठवडाभर लांबवा. भोसरी-चाकणचा मध्यम कारखाना असो, लहान हॉस्पिटल असो की बाणेरमधली सॉफ्टवेअर कंपनी, तीन नोड सांभाळणारी एक-दोनच माणसं असतात आणि खर्चाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. इथली आकडेमोड प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ (सगळ्या नोडांच्या डिस्क मिळून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर) यांची आहे, पण क्रम कुठल्याही क्लस्टरला लागू पडेल.

आधी खरी जागा कागदावर मांडा. तीन नोड, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या चार एसएसडी, कच्ची बेरीज ४६ टीबी. सेफ मूळ सेटिंगनुसार प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतो, त्यामुळे हाती राहतात १५.३६ टीबी. डिस्क ८५ टक्के भरली की सेफ इशारा देतो आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबवतो. पण खरी मर्यादा याच्याही अलीकडे आहे. तीन नोड आणि तीन प्रती असल्या की प्रत्येक नोडवर एक पूर्ण प्रत असते. एक डिस्क गेली तर तिच्यावरचा सगळा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर चढतो. तेव्हाही ८५ च्या आत राहायचं असेल तर एरवी ६४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. म्हणजे ४६ टीबी विकत घेऊन निर्धास्तपणे वापरायला मिळते ती दहा टीबीच्याही आत. साहेबांना कोटेशन दाखवण्याआधी हा हिशोब दाखवा. खर्चाची तुलना डिस्कच्या किमतीवर करू नका, वापरता येणाऱ्या एका टीबीला किती पडले त्यावर करा.

मग साफसफाई. तीन प्रतींच्या क्लस्टरमध्ये एक टीबी मोकळी केली की कच्ची तीन टीबी सुटते, तीही फुकटात. महिनोन्‌महिने पडून असलेले स्नॅपशॉट (व्हीएमची एखाद्या क्षणी जतन केलेली स्थिती), काढून टाकलेल्या व्हीएमच्या मागे राहिलेल्या डिस्क, कोणी तरी चाचणीसाठी केलेले क्लोन, आयएसओच्या (इन्स्टॉलेशनच्या) फायली, सगळं शोधा. व्हीएमच्या आत फाइल पुसली म्हणून क्लस्टरवरची जागा आपोआप सुटत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल डिस्कवर डिस्कार्ड (मोकळी जागा क्लस्टरला परत करण्याची सोय) चालू हवं आणि व्हीएमच्या आतून ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे कळवणारी आज्ञा) चालवायला हवं. हे एवढंच केल्यावरही खरेदी कित्येकदा पुढे ढकलता येते.

बॅकअप त्याच क्लस्टरवर ठेवले असतील तर आधी बाहेर काढा. क्लस्टरच कोसळला तर ते उपयोगाचे नाहीत आणि प्रत्येक बॅकअपच्या तीन प्रती महागड्या एसएसडीवर बसलेल्या असतात. जुनी ड्रॉइंग, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, मागच्या वर्षांचे हिशोब साध्या हार्ड डिस्कच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) नेता येतात. मात्र त्या नॅसचाही बॅकअप लागतो, तो खर्च आत्ताच धरा.

एवढं करूनही जागा कमी पडत असेल तर सर्व्हरचे रिकामे स्लॉट मोजा. स्वस्तातली खरी वाढ इथेच आहे. वरच्याच उदाहरणात प्रत्येक नोडात आणखी चार डिस्क घातल्या तर एका डिस्कचा भार सात जणींत वाटला जातो, मर्यादा ६४ वरून ७४ टक्क्यांवर जाते आणि निर्धास्त जागा दहाच्या आतून पावणेतेवीस टीबीच्या आसपास पोचते. डिस्क दुप्पट, जागा दुपटीहून जास्त. त्याऐवजी जुन्या चार काढून दुप्पट क्षमतेच्या चार बसवल्या तर साडेएकोणीसच मिळते. डिस्क तिन्ही नोडांत सारख्याच घाला. एकाच नोडात घातल्या तर तीन प्रतींच्या हिशोबात काहीही वाढत नाही, कारण सगळ्यात लहान नोडच मर्यादा ठरवतो.

डिस्क निवडताना हात आखडू नका. वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करणारी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली एंटरप्राइझ एसएसडीच घ्या. लॅपटॉपसाठीच्या एसएसडी सेफच्या सततच्या सिंक (डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या) लिखाणात फार मंदावतात आणि लवकर झिजतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून केबल आणा, डिस्क मात्र सीरियल नंबर आणि वॉरंटी असलेल्या बिलावरच. सर्व्हरच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बाहेरची डिस्क चालते का, हे लेखी विचारा. कॅडी (डिस्क स्लॉटमध्ये बसवायची चौकट) वेगळी मागवावी लागते, ती विसरली की डिस्क टेबलावरच पडून राहते. प्रत्येक डिस्कमागे सेफ साधारण ४ जीबी रॅम धरतो, तेव्हा नोडमागे चार डिस्क म्हणजे १६ जीबी जादा. नेटवर्क अजून एक गिगाबिटवर असेल तर आधी दहा गिगाबिटचा स्विच घ्या, नाहीतर नवी जागा असूनही सगळे रडत बसतील.

इरेजर कोडिंगने, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि दुरुस्तीपुरती जादा माहिती ठेवण्याने, जागा वाचते, पण नोड पुरेसे हवेत. व्हीसॅनच्या (व्हीएमवेअरच्या साठवण सॉफ्टवेअरच्या) मूळ रचनेत याच पद्धतीच्या रेड-५ ला चार आणि रेड-६ ला सहा होस्ट, म्हणजे नोड, लागतात. तीन नोडांवर हा मार्ग सोडून द्या.

नवा नोड अगदी शेवटी. त्याची किंमत हार्डवेअरवर थांबत नाही. व्हीएमवेअरचं लायसन्स कोअरवर चालतं आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरले जातात. स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट या विंडोजच्या तशाच साठवण सोयीला प्रत्येक सर्व्हरवर विंडोज सर्व्हरची डेटासेंटर आवृत्ती लागते. प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन सॉकेटमागे, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरमागे आहे.

डिस्क बसवण्याचा दिवसही विचारपूर्वक ठरवा. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो, पण महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि जनरेटरचं डिझेल आदल्या दिवशी तपासा. त्याआधी एक व्हीएम बॅकअपमधून खरंच उभी करून पाहा. नव्या डिस्क एका नोडात घाला, डेटा सरकून क्लस्टर हिरवा होईपर्यंत थांबा, मगच पुढचा नोड उघडा. कामाच्या वेळात सरकण्याचा वेग कमी ठेवा, रात्री वाढवा. एप्रिल-मेमध्ये हे करत असाल तर सर्व्हर रूमच्या एसीची सर्व्हिसिंग आधी उरकून घ्या. त्याच मॉडेलची एक जादा डिस्क कॅडीत बसवून कपाटात ठेवा आणि इशाऱ्याची मर्यादा ८५ वर न ठेवता तुमच्या कागदावर आलेल्या टक्क्यावर आणा.