समकालीनांच्या नजरेतून शिवाजी महाराज: साधनं कशी वाचावीत

महाराजांविषयी त्यांच्या काळातल्या लोकांनी काय लिहिलं हे पाहताना स्तुती किती, निंदा किती, असा हिशेब मांडू नका. वहीत चार रकाने आखा: लिहिणारा कोण, घटनेच्या वेळी कुठे होता, कधी लिहिलं, आणि माहिती कळली कशी. चौथा रकाना भरल्याशिवाय उतारा वापरू नये.

१६६४ ची सुरत घ्या. ठेंगणी उंची, सुडौल बांधा, बोलताना हसरा चेहरा, भेदक नजर, हे प्रसिद्ध वर्णन इंग्रज पाद्री एस्कॅलियटच्या पत्रातलं. पण पाहणाऱ्यांनी असं सांगितलं, हे त्यानं तिथेच नोंदवलंय. लिहिणारा शहरात हजर, पत्र ताजं, तरी वर्णन ऐकीव! ते टाकून देऊ नका, रकान्यात ‘ऐकीव’ लिहा. उलट इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला रायगडावर होता. सिंहासनाच्या एका बाजूला मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, हे त्याच्या डोळ्यांदेखतचं.

तारखांत सगळ्यात जास्त घोळ होतो. इंग्रजांची पंचांगपद्धत जुनी, डचांच्या तारखेपेक्षा १० दिवस मागे. म्हणून सुरतेच्या स्वारीची ६ जानेवारी डचांकडे १६ जानेवारी होते. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे या जानेवारीवर १६६३ असा आकडा दिसला तर चूक समजू नका. शकावरून इसवी सन काढताना एरवी ७८ मिळवा, पण पौषाच्या सुमारास १ जानेवारीला आपला आजचा इसवी सन बदलतो, तिथून फाल्गुनअखेर ७९. महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १६३०, १६२९ नव्हे.

मग लिहिणाऱ्याची गरज तपासा. इंग्रज वखारवाले आधी ‘बंडखोर’ म्हणत. १६७४ मध्ये त्यांना व्यापाराचा करार आणि राजापूरच्या लुटीची भरपाई हवी होती, भाषा त्याप्रमाणे सौम्य. महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदानं बखर राजाराम महाराजांसाठी दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर लिहिली, तीही महाराजांच्या निधनानंतर दहाहून अधिक वर्षांनी. तिथे आठवण आणि निष्ठा दोन्ही आहेत.

आम्ही सर्वाधिक वजन देतो ते विरोधकाच्या कबुलीला. मोगलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांना शिव्या घालतो, पण मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही हा त्यांचा हुकूमही नोंदवतो. त्यानं हे अठराव्या शतकात लिहिलं, म्हणून तिसऱ्या रकान्यात ‘उशिरा’ असा शेरा हवाच.