इंटर्नशिपमधील या चुका टाळा: नोंद न ठेवणे आणि अडल्यावर गप्प राहणे

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. जवळजवळ प्रत्येक तुकडीत हुशार मुले त्याच त्या चुका करताना पाहून मनापासून वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दिवसभराच्या कामाची नोंद त्याच दिवशी न करणे. ‘अहवाल शेवटच्या आठवड्यात लिहू, सगळे लक्षात आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती अखेरीस फक्त आकडे उरतात. ते कसे आले हे विसरलेले असते. एका विद्यार्थ्याने तीन आठवडे नमुन्यांचा पीएच मोजला. वाचने सुट्या कागदांवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती, पण मीटर कोणत्या दिवशी आणि कोणत्या बफरने, म्हणजे ठरावीक पीएच असलेल्या द्रावणाने, कॅलिब्रेट केला (तपासून जुळवून घेतला), याचा कुठेही उल्लेख नव्हता. मी सहज ७ पीएचच्या बफरमध्ये इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची मोजणारी कांडी, बुडवला, तर मीटरने ७.४ दाखवले. चौकशीत कळले की इलेक्ट्रोड स्वच्छ राहावा म्हणून तो रोज रात्री डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला जात होता. वास्तविक तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो. शुद्ध पाण्यात त्यातील आयन बाहेर झिरपतात, वाचन स्थिर व्हायला वेळ लागतो आणि हळूहळू सरकत जाते. बिघाड नेमका कधी सुरू झाला हे सांगणारी एकही नोंद नसल्यामुळे तिन्ही आठवड्यांचे आकडे रद्द करावे लागले, आणि साठवणीत पीएच बदलतो म्हणून जुने नमुने पुन्हा मोजण्यातही अर्थ नव्हता.

तेव्हापासून माझ्याकडे सुटे कागद चालत नाहीत. बांधीव वही, पानांना क्रमांक, शाईचे पेन आणि प्रत्येक नोंदीवर तारीख, अशी माझी पद्धत आहे. चुकलेला आकडा एकाच रेघेने, वाचता येईल असा खोडावा आणि शेजारी आद्याक्षरे लिहावीत. काम संपण्यापूर्वीची दहा मिनिटे मी वहीसाठीच राखून ठेवतो. अधीर विद्यार्थ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. ते मला मुळीच मान्य नाही.

याच प्रसंगात दुसरी चूकही दडलेली होती. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाची बाटली रिकामी असल्याचे त्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच दिवशी दिसले होते, पण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल या संकोचाने त्याने स्वतःच डिस्टिल्ड वॉटरचा मार्ग काढला. अर्धा तास स्वतः प्रयत्न करावा आणि त्यानंतर काय करायचे होते, काय करून पाहिले आणि काय दिसले, या तीन गोष्टी सांगून मोकळेपणाने विचारावे. असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला पाच मिनिटे देणे कोणत्याही वरिष्ठाला जड जात नाही.

बाकीच्या चुकांबद्दल थोडक्यात सांगतो. एकच अर्ज नाव बदलून पन्नास ठिकाणी पाठवू नये, तो पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतो. पैसे भरून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला मी अनुभव मानत नाही. सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, चुकून गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसला तरी इतिहासात राहतो, म्हणून आधी तो पासवर्डच बदलावा.

इंटर्नशिप म्हणजे अभ्यासाला मिळालेली सुट्टी, ही समजूतही चुकीची आहे. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी 1906 साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात सहकारी शिक्षण (को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन, म्हणजे शिक्षण आणि नोकरी यांची सांगड) सुरू केले, तेव्हा अभियांत्रिकीचे विद्यार्थी आलटून-पालटून एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात असत. कामावर पडलेला प्रश्न लगेच वर्गात नेता यावा, यासाठी मला ही रचना आजही मोलाची वाटते. ती सोय नसेल, तर निदान दर आठवड्याला एक प्रश्न वहीतून उचलून प्राध्यापकांपुढे ठेवावा.

शिफारसपत्र सहा महिन्यांनी मागण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यातच मागावे. मी ते लिहायला बसतो तेव्हा विद्यार्थ्याची वही मागवून घेतो आणि त्याने स्वतः काय केले हे तिच्यातूनच पाहून लिहितो.