गृहकर्जाच्या भेटीला काय घालून जावं?

मी बरीच वर्षं गृहकर्ज विभागात काम केलं. व्याजदर किती, मुदत किती, हप्ता किती बसेल हे लोक फोनवर मोकळेपणानं विचारायचे. फोन ठेवायच्या आधी मात्र आवाज जरा खाली यायचा आणि प्रश्न यायचा, "साहेब, येताना कसं यायचं? म्हणजे कपडे वगैरे…" यात हसण्यासारखं काही नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज मागायला निघालेला माणूस आरशासमोर दोन मिनिटं जास्त थांबणारच.

म्हणून आधी उत्तर देतो, मग तयारीचं सांगतो. कपड्यांवर कर्ज मंजूर होत नाही आणि नामंजूरही होत नाही. ज्याच्या सहीनं मंजुरी मिळते तो बहुतेक वेळा तुम्हाला बघतही नाही. तुमच्यासमोर बसलेला माणूस अर्ज घेतो, कागद पडताळतो, काही राहिलं असेल तर मागतो. पुढे जातात ते आकडे: तुमचं उत्पन्न, आधीचे चालू हप्ते, परतफेडीचा इतिहास, घराची किंमत आणि त्यात तुम्ही पदरचे किती घालताय ते.

पूर्वी असं नव्हतं. १९१२ साली अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे जे. पी. मॉर्गन या बँकरची साक्ष झाली. पैसा आणि मालमत्ता यांच्या आधी आपण माणसाचं चारित्र्य बघतो, असं त्यांनी तिथे सांगितलं. आता चारित्र्य काही कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. बघणाऱ्याला जे दिसेल आणि जे कानावर येईल त्यावरून ते ठरायचं, आणि त्यात कपडे, बोलणं, ओळखीपाळखी सगळंच यायचं. १९५६ मध्ये बिल फेअर हे अभियंते आणि अर्ल आयझॅक हे गणितज्ञ एकत्र आले आणि त्यांनी कर्जदाराची पत आकड्यांत मोजायची कंपनी काढली. त्या कंपनीचा फायको स्कोअर १९८९ पासून वापरात आला. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर केलेल्या परतफेडीला आहे, ३० टक्के सध्याच्या देण्याला, १५ टक्के कर्जाचा इतिहास किती जुना आहे याला, आणि उरलेले दहा-दहा टक्के नव्यानं घेतलेल्या कर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. शर्ट, बूट, चेहरा यांना त्या हिशेबात जागाच नाही.

तरीही चेहरा हिशेबातून पुरता गेला असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत प्रॉस्पर या संकेतस्थळावर लोक एकमेकांना थेट कर्ज द्यायचे आणि अर्जदाराला आपला फोटो लावता यायचा. त्या अर्जांचा अभ्यास करून पोप आणि सिडनर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की पत सारखी असूनही फोटोत कृष्णवर्णीय व्यक्ती असेल तर कर्ज मिळण्याची शक्यता गोऱ्या अर्जदारापेक्षा २५ ते ३५ टक्क्यांनी कमी होती. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांचा चेहरा बघणाऱ्याला विश्वासू वाटला त्यांना कर्ज मिळण्याची शक्यता जास्त निघाली. ही गृहकर्जं नव्हती. पण २०२२ मध्ये गृहकर्जांवरचाही अभ्यास आला. जोखीम सारखीच असताना कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांकडून जास्त व्याज घेतलं जात होतं, आणि सगळा व्यवहार संगणकावर करणाऱ्या कंपन्यांत हा फरक कमी झाला तरी संपला नव्हता. असला भेद कडक इस्त्रीनं जात नाही आणि त्याचा दोष अर्जदारानं स्वतःकडे घेऊ नये. त्यासाठी कायदे लागतात. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं कर्ज देताना स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित असा भेद करायला बंदी आली. त्याआधी कमावत्या बाईकडेही नवऱ्याची सही मागितली जायची.

आता तयारी. ती भेटीच्या आदल्या रात्री सुरू करू नका, निदान सहा महिने आधी करा. पहिलं काम म्हणजे आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची, कार्डांची आणि परतफेडीची नोंद, मागवून ओळ न् ओळ वाचायचा. फेडून टाकलेलं कर्ज त्यात अजून चालू दिसतंय का, कधीच न घेतलेलं कार्ड तुमच्या नावावर आहे का, जुना पत्ता तसाच राहिलाय का हे बघायचं. चूक असेल तर तक्रार आत्ताच करायची, कारण ती निस्तरायला वेळ लागतो. कार्डाची थकबाकी खाली आणायची. मर्यादेच्या काठापर्यंत वापरलेलं कार्ड, दर महिन्याला बिल भरत असलात तरी, स्कोअर खाली ओढतं. आणि या काळात नवीन कर्ज नाही, नवीन कार्ड नाही, कुणाला जामीन राहणं नाही.

इथेच कपड्यांचा विषय खरा आडवा येतो. भेटीसाठी म्हणून नवा सूट, नवे बूट, चांगलं घड्याळ, हे सगळं हप्त्यांवर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तो हप्ता तुमच्या चालू देण्यांत धरला जातो. तुमच्या उत्पन्नाला दरमहा किती हप्ता झेपेल याचा हिशेब आधीच्या हप्त्यांपासून सुरू होतो, त्यामुळे कपड्यांचा लहानसा हप्ताही मिळणाऱ्या कर्जाची रक्कम कमी करतो. नवा शर्ट घ्यावासा वाटला तर रोख पैशांनी घ्या. नाही घेतला तरी काही बिघडत नाही.

महिनाभर आधी सगळी ओळखपत्रं टेबलावर एका ओळीत मांडा आणि नाव तपासा. एकावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव, हे घरोघरी असतं. मंजुरीला उशीर होण्याची जी कारणं मी पाहिली त्यांत हे अगदी वरचं. दुरुस्ती शक्य असेल तर करून घ्या, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

मग सही. वीस वर्षांपूर्वीच्या ओळखपत्रावर कॉलेजच्या वयातली सही असते, सगळी अक्षरं सुटी, खाली रेघ ओढलेली. आज तोच माणूस दोन वळणांत सही उरकतो. काउंटरवरचा कर्मचारी कार्ड फॉर्मशेजारी ठेवतो, पेनाचं टोक आधी याच्यावर नेतो, मग त्याच्यावर, पुन्हा याच्यावर. अर्जदाराला वाटतं आपल्यावर संशय घेतला जातोय. तसं नसतं, कर्मचाऱ्याला फक्त पुढे विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. कोणती सही सगळीकडे करायची ते घरी ठरवा, बँकेत तीच नोंदवलेली आहे ना बघा, आणि सहकर्जदारालाही तेच करायला सांगा. फोटोचंही तसंच. दिसण्याची खरी गरज लागते ती इथे: तुम्ही सुंदर दिसायची नाही, तुम्ही तुमच्या फोटोसारखे दिसायची. वजन खूप उतरलं असेल, दाढी आली किंवा गेली असेल, डोक्यावरचे केस उपचारात गेले असतील, तर ताजे फोटो काढून घ्या आणि कुणी विचारलं तर सरळ कारण सांगा. आजारपणानं बदललेल्या चेहऱ्याबद्दल माफी मागायचं काहीच कारण नाही.

खात्याचे उतारे स्वतः एकदा वाचून काढा. मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसली की प्रश्न येणारच. वडिलांनी दिली, जुनी गाडी विकली, बोनस आला, जे असेल ते दोन ओळींत लिहून पुरावा जोडा. मध्ये काही महिने नोकरी नव्हती तर तेही लिहा. हंगामी किंवा स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांनी एका चांगल्या महिन्यावर भर देऊ नये, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं पुढे करावीत. फाइल लावताना ओळख, पत्ता, उत्पन्न, खातेउतारे, घराचे कागद असे गठ्ठे करा, वर एक यादी ठेवा, प्रती वेगळ्या आणि मूळ कागद वेगळे. नीटनेटकेपणाची एवढी हौस असेल तर ती इथे भागवा. व्यवस्थित फाइल आली की माझाच वेळ वाचायचा, आणि ज्याचा वेळ वाचतो तो माणूस जरा जास्त समजावून सांगतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, पण होतं असंच.

आदल्या रात्री कपडे काढून ठेवा. स्वच्छ, अंगावर नीट बसणारे, आधी दहा वेळा घातलेले. तुम्ही जे काम करता त्याला शोभतील असे असले की झालं. कामावरून थेट येणार असाल तर कामाच्या कपड्यांत या. कडक अत्तर टाळा, खोली लहान असते. चष्मा लागत असेल तर आठवणीनं घ्या, बारीक अक्षरातला मजकूर वाचायचा आहे.

एक माणूस मला विसरता येत नाही. घरं रंगवण्याचं काम करायचा. अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. शर्ट धुतलेला होता, पण नखांच्या कडांना पांढरा रंग तसाच होता आणि मनगटावर एक निळा ठिपका. बसल्या बसल्या "माफ करा साहेब, निघत नाही हो," म्हणाला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. फाइल उत्तम होती. एकही हप्ता चुकलेला नव्हता, खात्यात दर महिन्याला थोडी का होईना शिल्लक टाकलेली होती. मी व्याजदर बदलता आहे असं सांगितलं, त्यानं मान डोलावली. मुदतीआधी पैसे भरले तर काय होतं ते सांगितलं, त्यानं पुन्हा मान डोलावली. सही करायलाच काय ते हात वर आले. कर्ज मंजूर झालं. दीड वर्षानं व्याजदर वाढला तेव्हा तो हे काय झालं असं विचारायला आला. त्या दिवशी विचारायचं होतं, म्हणाला, पण लवकर उठून जावंसं वाटत होतं.

चूक माझीही होती. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलंही नव्हतं, आणि तो सगळा वेळ फक्त आपल्या हातांचाच विचार करत होता. तेव्हापासून कुणी काय घालू असं विचारलं की मी सांगतो, ज्या कपड्यांत तुम्हाला स्वतःचा विसर पडेल ते घाला. तुमचं सगळं लक्ष समोरच्याच्या बोलण्याकडे हवं.

आणि प्रश्न कागदावर लिहून न्या, तोंडपाठ करून नाही. व्याजदर स्थिर की बदलता? बदलता असेल तर कशाला जोडलेला, आणि किती महिन्यांनी बदलणार? दर वाढला तर हप्ता वाढतो की मुदत? मुदतीआधी पैसे भरले तर दंड आहे का? अर्जाचं शुल्क कर्ज नाकारलं तर परत मिळतं का? विमा घेणं सक्तीचं आहे की माझ्या मर्जीवर? उत्तर कळलं नाही तर "पुन्हा सांगाल का?" म्हणा. दुसऱ्यांदा विचारलं म्हणून कुणाचं कर्ज अडल्याचं मी पाहिलं नाही. उत्तरं तिथेच लिहून घ्या, तारखेसकट आणि सांगणाऱ्याच्या नावासकट.

व्हिडिओवर पडताळणी असेल तर उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको. टोपी आणि गडद चष्मा काढा, मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा. मागची भिंत कशी आहे याची चिंता नको.

दिसण्याला थोडाफार भाव येतो तो घराच्या बाबतीत, आणि तिथेही जपून. मूल्यांकन करणारा माणूस क्षेत्रफळ, बांधकाम, वय, ओल, तडे आणि आसपास झालेल्या विक्रीच्या किंमती बघतो. नव्या पडद्यांनी किंमत वाढत नाही, गळणाऱ्या छतानं कमी होते. घर दुसऱ्याचं असेल तर मूल्यांकन करणारा येणार त्या दिवशी सगळ्या खोल्या उघड्या राहतील एवढं मालकाशी बोलून ठेवा, कारण एका कुलूपबंद खोलीपायी दुसरी फेरी पडते. घाईनं मारलेल्या रंगाखालची ओल अनुभवी माणसाला कळते, आणि ती तुम्हालाही कळायला हवी, कारण राहायला तुम्ही जाणार आहात.

मंजुरीनंतर हातात रक्कम येईपर्यंत नोकरी बदलायची असेल तर आधी सांगा, नवीन हप्ते सुरू करू नका. शेवटच्या क्षणी पुन्हा तपासणी होऊ शकते. नकार आला तर कारण लेखी मागा. अमेरिकेत पूर्ण अर्जावरचा निर्णय ३० दिवसांत कळवावा लागतो आणि नकाराची कारणं मागायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. असा कायदा तुमच्याकडे नसला तरी पत्र लिहून विचारायला हरकत नाही. "धोरणात बसत नाही" एवढ्यावर थांबू नका. उत्पन्न कमी पडलं, हप्ते जास्त झाले, की घराच्या कागदांत खोट निघाली, हे नेमकं विचारा. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर सहा महिन्यांत काम करता येतं. तिसरी असेल तर ते घर घेण्याआधी वकिलाला कागद दाखवा.