लॅनची वायर लावलेली आहे, तरी नेट नाही? शोध दिव्यांपासून सुरू करा

रात्री झोपेपर्यंत सगळं चालू होतं आणि सकाळी डेस्कटॉप सुरू केला तर नेट नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच सेटिंग्ज उघडून दिसेल ते बदलायला लागतात. मग मूळ दोष राहतो बाजूला आणि आपणच केलेले चार नवे घोळ निस्तरत बसावं लागतं. म्हणून एक पथ्य पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करायची, आणि मगच पुढे जायचं.

सुरुवात मोबाइलपासून करा. मोबाइल डेटा बंद करून घरच्याच राउटरच्या वायफायवर एखादं पान उघडून बघा. तिथेही नेट नसेल तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही; बहुधा फायबर तुटली किंवा वाकली आहे. थेट नेटवाल्याला फोन करा.

मोबाइलवर नेट चालतंय? मग टेबलाखाली वाका. कॅबिनेटच्या मागे लॅनची वायर जिथे घुसते, त्या खाचेला बहुधा दोन बारीक दिवे असतात. कॉम्प्युटर सुरू असताना ते बघा. एखादा दिवा स्थिर आणि दुसरा लुकलुकत असेल तर वायर बहुधा ठीक आहे, दोष आतल्या सेटिंगमध्ये किंवा राउटरकडे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही विझलेले असतील तर विंडोजमध्ये काही शोधण्याआधी वायर तपासा.

वायरच्या टोकाला पारदर्शक प्लग असतो आणि त्यावर प्लास्टिकची एक नाजूक क्लिप. प्लग खाचेत बसला की ‘टक्’ असा आवाज येतो. ही क्लिप फार लवकर तुटते. तुटली तरी प्लग आत गेलेला दिसतो, पण केर काढताना कॅबिनेटला जरा धक्का लागला की तो दोन मिलिमीटर मागे सरकतो आणि नेट जातं. आमच्या शेजारच्या काकांनी याच कारणासाठी अख्खं विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं. दोन दिवस गेले, डेस्कटॉपवरचे हिशोबाचे कागद गेले, आणि दोष निघाला तुटलेल्या क्लिपचा. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

प्लग उजेडात धरून बघा. आत आठ रंगीत तारा दिसतात. आपल्याकडे साधारणपणे पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम असतो. एखादी तार मागे ओढली गेली आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. गिगाबिट वेगाला या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला मात्र चारच पुरतात. त्यामुळे नेट चालतंय पण वेग अचानक शंभराच्या आत अडकलाय, असं झालं तरी एखादी तार तुटल्याचा संशय घ्या. कपाटाखाली दबलेली किंवा उंदराने कुरतडलेली जागा हाताने चाचपून सापडते.

आता दुसरी वायर लावून बघा, मग राउटरचं दुसरं पोर्ट. वॅन लिहिलेलं पोर्ट बाहेरून येणाऱ्या वायरसाठी असतं. साफसफाईनंतर घरातली वायर चुकून तिथे लावली जाणं अगदी नेहमीचं आहे.

तरीही दिवे पेटत नसतील तर कॉम्प्युटर शट डाउन करा, भिंतीतला प्लग काढा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. लाइट जाऊन-येऊन अडकलेलं लॅनकार्ड (वायर जिथे लागते तो कॉम्प्युटरचा भाग) कधी कधी एवढ्यानेच जागं होतं. हेही जमलं नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन, म्हणजे मदरबोर्डवरचंच लॅनकार्ड, बंद झालंय का ते पाहा.

दिवे पेटत असतील तर विंडोजकडे वळा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ‘ncpa.cpl’ टाइप करून एंटर दाबा. इथरनेटचं चिन्ह करडं दिसलं तर त्यावर राइट क्लिक करून इनेबल करा.

मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या. आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करा आणि इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता ‘ऑटोमॅटिकली’ घेण्यावर आहे ना ते बघा. पत्ता १९२.१६८ सारखा असेल तर तो राउटरने दिलेला असण्याची शक्यता जास्त. मग डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा (हा राउटरचा पत्ता) घेऊन त्याला पिंग करा, म्हणजे ‘ping’ लिहून पुढे तो आकडा द्या आणि उत्तर येतंय का बघा. उत्तर आलं की गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा. तिथूनही उत्तर येतंय, पण वेबसाइट नावाने उघडत नाही? मग घोळ डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. ‘आयपीकॉन्फिग’नंतर जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ द्या (ipconfig /flushdns). तेवढ्याने भागलं नाही तर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ भरा.

विंडोज अपडेटनंतरच नेट गेलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनकार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) रोल बॅक करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या. ‘नेटवर्क रीसेट’ मात्र अगदी शेवटी. त्याने वायफायचे पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते पुसले जातात, म्हणून ते आधी वहीत उतरवून ठेवा.

वळवाच्या पावसात विजा कडाडून गेल्यावर दिवे कायमचे विझले असतील, तर कार्ड जळालं असण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. यूएसबीला लागणारं लॅन अडॅप्टर घेतलं तरी काम भागतं. मात्र राउटर न वापरता नेटवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला लावलेली असेल, तर त्याने जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्याकडे बांधून ठेवलेला असू शकतो, म्हणजे नेट फक्त त्याच कार्डावर चालेल. तेव्हा फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवून घ्या.