अतिनील लुअरला बास खरंच जास्त लागतात का? स्वतः तपासायची पद्धत

अंधारात लुअरवर, म्हणजे मासा पकडायच्या कृत्रिम आमिषावर, यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा, जो चमकेल तो अतिनील लुअर, तोच घ्या. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. टॉर्चखाली चमकतो तो फ्लुरोसंट रंग. तो अतिनील किरण शोषतो आणि त्यातून हिरवा, पिवळा, नारिंगी असा आपल्याला दिसणारा उजेड बाहेर टाकतो. अतिनील परावर्तित करणारा लुअर आलेले किरण तसेच परत पाठवतो आणि ते आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. म्हणजे खरा परावर्तक लुअर टॉर्चखाली अगदी निस्तेज दिसू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्याचं बाकीचं काही ऐकू नका.

आता बासचा डोळा. लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशामध्ये रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात. एक 535 नॅनोमीटर (प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) च्या आसपास, म्हणजे हिरव्याला, सर्वाधिक प्रतिसाद देते आणि दुसरी 614 च्या आसपास, तांबड्याकडे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यांनी बासना रंग ओळखायला शिकवूनही पाहिलं. लाल आणि हिरवा त्यांना चांगला ओळखता आला, पण निळा-काळा आणि पांढरा-शार्ट्रूज (पिवळट पोपटी) या जोड्यांमध्ये ते गोंधळले. अतिनील सुरू होतं 400 नॅनोमीटरच्या खाली, आणि तिथे काम करणारी वेगळी शंकुपेशी बासमध्ये आढळली नाही. रेनबो ट्राउटच्या पिल्लांना ती असते आणि मासा वाढतो तशी कमी होत जाते. त्यामुळे ‘माशांना अतिनील दिसतं’ असं कोणी म्हणालं, तर कोणत्या माशाला आणि कोणत्या वयात, हे विचारा.

यावरून माझं मत पक्कं आहे: नुसत्या परावर्तनासाठी जास्त पैसे मोजू नका. हिरव्यात चमकणाऱ्या फ्लुरोसंट लुअरला अर्थ आहे, कारण तो उजेड बासच्या डोळ्याच्या आवाक्यात येतो. पण तुमचं पाणी वेगळं, मासे वेगळे, म्हणून स्वतः तपासा. त्यासाठी लागते जोडी: दोन लुअर, ज्यांच्यात अतिनील सोडून कशाचाही फरक नाही.

बहुतेकांची चाचणी इथेच फसते आणि मलाही याच टप्प्याने सर्वात जास्त छळलं. दुकानातला ‘यूव्ही’ लुअर आणि साधा लुअर यांची तुलना निरुपयोगी आहे. रंगाची छटा वेगळी, वजन वेगळं, कधी आतल्या छऱ्यांचा आवाजही वेगळा. मासा यातल्या कशाला भुलला, ते कधीच कळणार नाही. एकाच साच्यातले, एकाच रंगाचे दोन लुअर घ्या आणि एकावर अतिनील अडवणारं पारदर्शक वॉर्निश लावा. दुसऱ्यावर अतिनील जाऊ देणारं वॉर्निश तितकंच लावा. दुसरा कोरा ठेवू नका, कारण वॉर्निशच्या थराने वजन, चकाकी आणि बुडण्याचा वेग, तिन्ही बदलतात.

डब्यावर ‘उन्हापासून संरक्षण’ लिहिलं आहे म्हणून वॉर्निश अतिनील अडवतंच असं नाही. काही वॉर्निशमधली रसायनं फक्त वॉर्निशचा थर तडकू नये म्हणून असतात, किरण मात्र आरपार जातात. म्हणून आधी पारख करा. पातळ, स्वच्छ पॉलिथिनचा तुकडा घ्या, त्याच्या अर्ध्या भागावर वॉर्निश लावून पूर्ण वाळू द्या. जाड कडक प्लास्टिक नको, ते बऱ्याचदा स्वतःच अतिनील अडवतं. मग अंधाऱ्या खोलीत हा तुकडा छपाईच्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून 365 नॅनोमीटरची टॉर्च मारा. कागदात चकाकीचं द्रव्य असतं, त्यामुळे तो निळसर उजळतो. वॉर्निशखालचा कागद काळवंडला, तर वॉर्निश काम करतंय. दोन्ही भाग सारखेच उजळले, तर ते वॉर्निश दुसऱ्या लुअरला लावा. 395 ची स्वस्त टॉर्च घेऊ नका. तिचा जांभळा उजेड डोळ्याला दिसतो आणि सगळा निकाल धूसर करतो. टॉर्चकडे थेट बघायचं नाही.

लुअर कोणता घ्यायचा, यातही खोच आहे. नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील शोषतं, म्हणजे पांढरा लुअर मुळातच परावर्तक नाही. फ्लुरोसंट लुअरही या चाचणीला नको. तो जांभळ्या-निळ्या उजेडानेही चमकतो, त्यामुळे वॉर्निशने त्याची चमक पूर्ण थांबत नाही. मऊ रबरी लुअरवर वॉर्निश नीट धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेला, टॉर्चखाली अजिबात न चमकणारा कडक लुअर सर्वात बरा, कारण अ‍ॅल्युमिनियम अतिनील उत्तम परावर्तित करतं. गळ काढून पातळ थर द्या, दोन्ही सारखेच दिवस वाळवा, वास पूर्ण जाऊ द्या. मग वजन करा आणि बादलीत सोडून दोन्ही एकाच वेगाने बुडतात का ते पाहा. वेग वेगळा असेल तर जड लुअर हलक्या हाताने घासा, पुन्हा पाहा. हे जमल्याशिवाय पाण्यावर जाऊ नका. शेवटी पोटाखाली, गळाच्या कडीजवळ, ओळखीची बारीक खूण करा.

पाण्यावरचं काम सोपं आहे. स्वच्छ पाणी, भर दिवस, वरचा थर. कुजलेल्या पानांनी तांबूस झालेलं पाणी अतिनील वरच्या वरच शोषून घेतं, तिथे या चाचणीला अर्थ नाही. रॉड, लाइन आणि ओढण्याचा वेग एकच ठेवा.

पहिला कोणता टाकायचा, ते नाणं उडवून ठरवा आणि ठरावीक फेकींनंतर लुअर बदला. मासा लागला तरी ठरलेल्या फेकी पूर्ण केल्याशिवाय बदलायचा नाही. ‘आता हाच चालतोय’ म्हणून एकच लुअर टाकत राहिलात तर तोच जिंकणार. नोंद तिथल्या तिथे करा: कोणता लुअर, धडक की पकड.

आकडे वाचताना घाई नको. दोन्ही लुअर अगदी सारखे असले, तरी दहा माशांमध्ये 7-3 किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ नशिबाने सुमारे 34 टक्के वेळा पडतो. म्हणून 7-3 वर लोक जी छातीठोक विधानं करतात, ती सोडून द्या. वीस माशांमध्ये 15-5 किंवा त्याहून मोठा फरक मात्र नशिबाने फक्त 4 टक्क्यांच्या आसपास पडतो, तिथे लक्ष द्यायला हरकत नाही. पण किती मासे मोजायचे, ते आधीच ठरवा. मनासारखा आकडा दिसताच थांबलात तर हे गणित लागू होत नाही.

असा फरक पडलाच, तर आणखी एक जोडी तयार करा आणि यावेळी खुणा मित्राला करायला सांगा. कोणत्या खुणेचा लुअर परावर्तक, हे त्याने सगळ्या नोंदी संपेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही.